पाऊण इंच

शनिवारी सकाळी साडेसातला फोन वाजला की माझी बायको नंबरही न बघता तो माझ्याकडे सरकवते. "भावोजींचा असेल." आणि तो त्यांचाच असतो.

भावोजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, यजमान, माझे साडू. घरात सगळे त्यांना भावोजी म्हणतात म्हणून मीही म्हणतो. न्यू जर्सीत आमची घरं वीस मिनिटांच्या अंतरावर आहेत. लग्न ठरवताना मुलीच्या घराण्याची, शिक्षणाची, रंगाची, पत्रिकेची चौकशी होते. तिच्या बहिणीच्या नवऱ्याकडे ड्रिल आहे का, हे कुणी विचारत नाही. विचारायला हवं.

"मोकळा आहेस ना? दोन तासांचं काम आहे. तुला काही करायचं नाही, फक्त टेप धरायची."

या दोन तासांत मी आजवर त्यांच्या गॅरेजचं दार, तळघरातला पंप, मागच्या अंगणातला डेक आणि एका दिवाळीत, पाहुणे दारात उभे असताना, स्वयंपाकघरातला नळ एवढी कामं पाहिली आहेत. नळाच्या वेळी मी टेपऐवजी बादली धरली होती.

भावोजी एका विमा कंपनीचे डेटाबेस सांभाळतात. सोमवार ते शुक्रवार ते अत्यंत सौम्य, चष्म्यातून खाली बघत बोलणारे गृहस्थ असतात. शनिवारी कानावर पेन्सिल चढली की त्यांचा आवाज बदलतो, चाल बदलते आणि ते "त्यात काय आहे!" म्हणू लागतात. या तीन शब्दांपासून त्यांचं प्रत्येक काम सुरू होतं. मध्यावर आलं की ते कमरेवर हात ठेवून "हे असं का आहे?" म्हणतात. आणि शेवटी, सगळं जिथं थांबायचं तिथं थांबलं की म्हणतात, "असंच असतं ते."

तुमच्याही घरात हा माणूस असेल. पुण्यात तो मिक्सर उघडून वर्तमानपत्रावर मांडून बसतो, आणि पुन्हा जोडल्यावर तीन स्क्रू उरले की "कंपनीवाले जास्तीचे देतात" म्हणून ते खोबरेल तेलाच्या रिकाम्या बाटलीत टाकतो. अमेरिकेत त्याला फक्त मोठं गॅरेज मिळतं.

तर गेल्या उन्हाळ्याची गोष्ट. दिवाणखान्यातलं जुनं कार्पेट काढून लाकडाची जमीन करायची, असं ताईनं ठरवलं. ताईची मागणी साधी होती: गणपतीच्या आधी व्हायला हवी. भावोजींनी रीतसर एका कंत्राटदाराला बोलावलं. तो आला, लेझरनं दोन मिनिटांत खोली मोजली आणि कागदावर आकडा लिहून गेला.

भावोजींनी डॉलरचे रुपये करायचं केव्हाच सोडलंय. कॉफी, गाडी, मुलीच्या कॉलेजची फी, सगळं ते डॉलरमध्येच पचवतात. पण मजुरीचा आकडा ऐकला की त्यांच्या डोक्यातला जुना गुणाकार जागा होतो.

"एवढ्यात राजापूरला घर झालं असतं."

"कधी?" ताईनं विचारलं.

"तेव्हा."

मग त्यांनी मटेरियल आणि लेबर असे दोन रकाने पाडले, लेबरच्या रकान्यावर फुली मारली आणि म्हणाले, "त्यात काय आहे!" त्या क्षणी मी तिथे नव्हतो, पण वीस मिनिटांवर चहा पिताना मला ठसका लागला, असं बायको सांगते.

पुढचा महिना अभ्यासात गेला. भावोजींचा अभ्यास म्हणजे रात्री जेवणानंतर फोनवर व्हिडिओ. त्यात कुणी दाढीवाला माणूस गुडघ्यावर बसून एका दुपारी अख्खी खोली संपवतो आणि शेवटी कुत्र्याला थोपटतो. या अभ्यासाचा प्रसाद आम्हा सगळ्यांना मिळाला. एका बारशाला, पाळण्यात गोविंद घ्या गोपाळ घ्या चाललेलं असताना, त्यांनी मला कोपऱ्यात घेऊन रेड ओक आणि व्हाइट ओकमधला फरक सांगितला. मी सांगलीचा. आमच्या गल्लीत एकच ओक राहायचे आणि ते गव्हाळ होते. तसं मी म्हणालोही. भावोजी हसले नाहीत. "रेड ओक न्यू जर्सीचा राज्यवृक्ष आहे, १९५० पासून," म्हणाले. आम्ही कोथिंबीर आणि खवलेला नारळ आणायला जातो तो एडिसनचा रस्ताही ओक ट्री रोडच आहे, तेव्हा निवड जवळजवळ दैवी होती.

त्यानंतर आली ती जान्का चाचणी. जान्का नावाच्या ऑस्ट्रियन माणसानं १९०६ मध्ये काढलेली. साधारण अकरा मिलिमीटरची पोलादी गोळी घ्यायची, लाकडावर ठेवायची आणि ती अर्धी आत रुतेपर्यंत दाबायची. किती पौंड जोर लागला, तो त्या लाकडाचा आकडा. रेड ओक १२९०, व्हाइट ओक १३६०, हार्ड मेपल १४५०. भावोजी हे आकडे पाढ्यासारखे म्हणत होते, तेवढ्यात बारशाला आलेल्या एका वयस्कर काकांनी विचारलं, "आणि आपलं सागवान?"

"हजारच्या आसपास."

सगळे गप्प झाले. देव्हारा सागवानी, झोपाळा सागवानी, वाड्याच्या तुळया सागवानी, आणि हा माणूस परक्या मुलखात चारचौघांत सांगतोय की ते ओकपेक्षा मऊ आहे. काकांनी पेढा खाली ठेवला. "वाळवी लागते का विचारा तुमच्या ओकाला," म्हणाले, आणि नंतर जेवायला दुसऱ्या खोलीत बसले.

जूनच्या शेवटी लाकूड आलं. खोली अठरा फूट बाय चौदा, म्हणजे दोनशे बावन्न चौरस फूट, वर तुकड्याताकड्यांत वाया जायला दहा टक्के. फळ्या सव्वादोन इंच रुंद, पाऊण इंच जाड, लांबी प्रत्येकीची वेगळी. एका कडेला जीभ, दुसऱ्या कडेला खाच. ही जीभ पुढच्या फळीच्या खाचेत बसते. मला वाटलं, आता दोन तास सुरू झाले. पण भावोजींनी सगळे गठ्ठे दिवाणखान्याच्या मधोमध रचून ठेवले आणि टेप खिशात टाकली.

"आता थांबायचं. लाकडाला घराची सवय व्हायला हवी."

हे मात्र खरं आहे. लाकूड हवेतली ओल पितं आणि सोडतं, आणि त्यानुसार आडवं फुगतं, आक्रसतं. कोकणातलं मागचं दार जुलैत लागत नाही आणि मार्गशीर्षात त्याच्या फटीतून उजेड येतो, त्यातलाच हा प्रकार. ज्या घरात राहायचं त्या घराच्या हवेशी लाकडाचं जमलं की मगच ते ठोकायचं, नाहीतर नंतर फुगून उचलतं नाहीतर सुकून फटी पडतात. म्हणून भावोजींनी ओल मोजायचं यंत्र आणलं. त्याला दोन सुया असतात, त्या लाकडात टोचल्या की टक्के दिसतात. खालच्या प्लायवुडमध्ये आणि फळ्यांमध्ये चार टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. ते सकाळी फळ्या टोचायचे, संध्याकाळी प्लायवुड टोचायचे, आणि मधल्या वेळात हाताला येईल ते. ताईचं पोळपाट साडेसात निघालं. लाटणं आठ. हार्मोनियमला त्यांनी सुई लावली तेव्हा मात्र ताईनं यंत्र काढून घेतलं.

आम्ही दहा दिवस त्या गठ्ठ्यांना वळसे घालत चहा पीत होतो. एकदा भावोजी कौतुकानं म्हणाले, "घाई करून चालत नाही. नवीन जागा आहे, हवा वेगळी, त्याला वेळ द्यायला लागतो."

ताई पोहे परतत होती. मागं न बघता म्हणाली, "मी आले तेव्हा तीन दिवसांत कार्पेट व्हॅक्यूम करायला लावलं होतंत."

लाकूड यायच्या आधीचा, कार्पेट काढायचा दिवस मला सगळ्यात आवडला, कारण त्या दिवशी टेप नव्हती. व्हिडिओंमध्ये कार्पेट उचललं की खाली जुन्या ओकची सुंदर जमीन सापडते आणि नवराबायको एकमेकांना मिठी मारतात. भावोजींनीही कोपरा उचलताना मला फोनचा कॅमेरा चालू ठेवायला सांगितलं. खाली प्लायवुड निघालं. त्यावर हळदीचा एक डाग होता, भारताच्या नकाशासारखा, श्रीलंकेसकट. आणि पिना. कार्पेटखालचा गादीसारखा थर प्लायवुडला पिना मारून बसवलेला असतो. त्या शेकड्यांनी असतात आणि एकेक उपटावी लागते. मग आम्ही सगळे, दोन मुलं, दोन बहिणी, मी, हातात पक्कड घेऊन ओळीनं बसलो आणि तांदूळ निवडतात तशी ती जमीन निवडली. भिंतीकडेला ताईच्या कुडीची फिरकी सापडली, जी हरवल्याबद्दल कपडे धुण्याच्या यंत्राला अकरा वर्षं दोष मिळत होता.

त्यानंतर भावोजी हातात खडू घेऊन खोलीभर पाय दाबत फिरले. जिथं प्लायवुड वाजेल तिथं गोल. तिथं खालच्या तुळईत स्क्रू मारायचा, म्हणजे वर जमीन बसली की आवाज येत नाही. "आधी सगळी कुरकुर काढून टाकायची," ते म्हणाले.

"कुणाची?" ताई म्हणाली.

आता टेपविषयी. टेप धरणं हे हलकं काम आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी ती भावोजींच्या समोर धरलेली नाही. भावोजी इंचात मोजतात, पण बारीक माप आलं की त्यांच्या तोंडून सूत निघतं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्यांच्या गावचा सुतार सुतात बोलायचा आणि लहानपणी तासन् तास त्याच्या रंध्यापुढे बसून हे सुतांत मोजायला शिकले. अमेरिकेत मेट्रिक आलं नाही, त्यामुळे राजापूरकडचं माप इथं जसंच्या तसं चालतं. चालत नाही ते फक्त त्यांच्या मुलाला. "दोन सूत अलीकडे घे" म्हटल्यावर तो दोरा शोधायला गेला.

पहिली ओळ सरळ बसली तर पुढच्या सगळ्या सरळ. म्हणून पहिल्या ओळीसाठी निळ्या खडूची दोरी ताणून फटका मारायचा, रेघ उमटते. भिंतीपाशी पाऊण इंच जागा मोकळी सोडायची, फुगायला. तिच्यावर नंतर लाकडाची पट्टी येते, कुणाला दिसत नाही. भावोजींनी ही रेघ चार वेळा मारली, चारही निळ्या, आणि चौथी कुठली यावर आमच्यात एकमत झालं नाही.

मग नेलर आला. दिवसाच्या भाड्यानं आणलेला. हे एक वाकड्या मानेचं यंत्र आहे, त्याला हवेचा पाइप, पाइपच्या टोकाला कॉम्प्रेसर. यंत्र फळीच्या जिभेवर टेकवायचं आणि वरून रबरी तोंडाच्या हातोड्यानं एक दणका द्यायचा. खिळा तिरपा आत जातो आणि पुढची फळी बसली की झाकला जातो. आठ-दहा इंचांवर एक खिळा, पंच्याहत्तर ओळी. भावोजींनी हिशेब केला, अठराशे दणके. एका दिवसात होतील. त्यात काय आहे!

पहिल्या दिवशी अकरा ओळी झाल्या. दुसऱ्या दिवशी गुडघे धरले म्हणून सहा. भाड्याचा आकडा वाढत गेला आणि चौथ्या दिवशी भावोजींनी जाहीर केलं, की एवढ्यात नेलर विकतच येतो. तो आला. आज आमच्या ओळखीतल्या मराठी घरांत पुरणयंत्र जसं होळीला या घरातून त्या घरात फिरतं, तसा तो नेलर फिरतो. नेताना लोक दोन तासांचं काम आहे म्हणतात.

त्या उन्हाळ्यात भावोजींच्या आई आल्या होत्या. वय ब्याऐंशी. गुडघ्यांमुळे खुर्चीत बसून असायच्या, मांडीवर फुलवातींचा डबा. कॉम्प्रेसर सुरू झाला की लेकीसुना कानांवर हात ठेवायच्या, आई मात्र हात थांबवून बघत राहायच्या. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "आमचं चोपणं याहून हलकं होतं."

मला आधी कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. पाऊस संपला की जमीन करायची. उकरायची, लाल माती पसरायची, पाणी मारायचं, आणि शेजारच्या चार बायकांनी मिळून लाकडी चोपण्यांनी ती ठोकत जायची, उकिडवं बसून, ओळीनं मागं मागं सरकत. मग शेण. वाळली की दगडासारखी. "आणि हा," त्यांनी लेकाकडे बोट केलं, "ओली असतानाच अंगठा खुपसून भोकं पाडायचा. मी पुन्हा चोपायची, हा पुन्हा पाडायचा."

भावोजींनी हातोडा खाली ठेवला नाही. पण पुढचे पाच-सहा दणके जरा हळू पडले. एवढं मात्र माझ्या लक्षात आलं, की मजुरीच्या आकड्यावर मारलेली ती फुली आम्ही सगळ्यांनी कंजूषपणाच्या खात्यात टाकली होती. जमीन दुसऱ्यानं करून द्यायची असते, हे या माणसानं लहानपणी पाहिलंच नव्हतं.

पुढं कामाला खरा वेग आला तो ताईमुळे. फळ्या ठोकायच्या आधी मोकळ्या मांडून बघायच्या असतात. वेगवेगळ्या गठ्ठ्यांतल्या मिसळायच्या, म्हणजे गडद एकीकडे आणि फिक्या एकीकडे असं होत नाही. शेजारच्या दोन ओळींतले जोड एकमेकांपासून निदान सहा इंच लांब हवेत. भावोजी याचं गणित करत होते. वहीत तक्ता होता. ताई ओट्यापाशी उभी राहून बराच वेळ बघत होती, मग हात पुसत आली. "जिना झालाय," म्हणाली. खरंच, सगळे जोड पायरी पायरीनं कोपऱ्याकडे चालले होते. तिनं पदर खोचला, तीन फळ्या काढल्या, दोन उलटसुलट केल्या, एक गाठीची फळी सोफ्याखाली जाईल अशी सरकवली. दर दिवाळीला पंचवीस ठिपके पंचवीस ओळींची रांगोळी काढणारी बाई ती. त्यानंतर ती मांडत गेली आणि भावोजी ठोकत गेले. वही कुठं गेली ते कळलं नाही.

शेवटच्या ओळीला खोलीनं दगा दिला. एका टोकाला फळीभर जागा, दुसऱ्या टोकाला पाऊण इंच कमी.

"भिंत वाकडी आहे," भावोजी म्हणाले.

"नाचता येईना," ताई म्हणाली, आणि पुढचं बोलली नाही.

पण भिंत खरंच वाकडी होती. मी स्वतः टेप धरली होती, तीनदा. अठरा फुटांत सहा सूत. सरळ दिसणाऱ्या भिंतीही अशाच असतात म्हणे, जमीन करायला घेईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. भावोजींना इतका आनंद झालेला मी क्वचित पाहिला आहे. त्यांनी आईंना, मुलांना, शेजारच्या म्हाताऱ्या अमेरिकन गृहस्थालाही बोलावून भिंत दाखवली. तो गृहस्थ बराच वेळ बघत राहिला आणि जाताना आपली चांगली करवत ठेवून गेला. त्या करवतीनं शेवटची फळी निमुळती कापली. दाराच्या चौकटीचे पाय त्या आधीच कापून झाले होते, एक बरोबर आणि एक दोन सूत उंच. तिथं लांबी भरली आहे. मी दाखवणार नाही, पण डावीकडे बघा.

दिवाणखाना संपला तसे भावोजी थांबतील असं वाटलं होतं. फळ्या उरल्या होत्या. म्हणून ते स्वयंपाकघरात शिरले, आणि डिशवॉशरच्या दारापर्यंत नीट, सुबक, माप घेऊन जमीन आणली. याचा अर्थ आम्हाला पुढं थंडीत कळला, जेव्हा डिशवॉशर बंद पडला. नवी जमीन पाऊण इंच वर आली होती. वर दगडी ओटा, पुढं लाकडाचा उंबरा. डिशवॉशर पुढं येईना, मागं जाईना. आधी तो बाहेर काढून त्याच्या खालीही फळ्या घालायच्या असतात, हे दाढीवाल्यानं दुसऱ्या व्हिडिओत सांगितलं होतं. दुरुस्तीला आलेल्या माणसानं खाली वाकून पाहिलं, सरळ झाला आणि भावोजींकडे अशा नजरेनं बघितलं की मीच दुसरीकडे बघू लागलो. "असंच असतं ते," भावोजी म्हणाले. ताईनं फारसं मनावर घेतलं नाही. त्या डिशवॉशरमध्ये कधीच भांडी धुतली गेली नव्हती. त्यात श्रीखंडाचे रिकामे डबे असतात.

थंडीतच फळ्यांमध्ये बारीक फटीही दिसू लागल्या. घर तापवलं की हवा कोरडी होते आणि लाकूड आक्रसतं. भावोजी रोज एक जुनं व्हिजिटिंग कार्ड फटीत घालून बघायचे आणि वहीत लिहायचे. मेमध्ये कार्ड जाईना झालं. त्या दिवशी त्यांनी मला फोन केला आणि फक्त "बंद झाली," एवढंच म्हणाले. कुणी गेलं की काय म्हणून माझ्या पोटात गोळा आला.

पण गणपतीचं सांगायचं राहिलं. जमीन आदल्या रात्री साडेअकराला संपली. सकाळी मखर, चौरंग, समई. चौरंगाच्या पायांना भावोजींनी लोकरीच्या चकत्या चिकटवल्या होत्या. समईखाली ताट, ताटाखाली वर्तमानपत्र, वर्तमानपत्राखाली प्लास्टिक. दारात ते स्वतः उभे राहून प्रत्येकाच्या मोज्यांकडे बघत होते. चाळीस माणसं आली आणि चाळीसही जणांना पंच्याहत्तर ओळी आणि अठराशे दणके ऐकल्याशिवाय मोदक मिळाला नाही. आरतीत कुणाच्या तरी पोराच्या हातून पितळी टाळ सुटला. आम्ही सगळे डोळे मिटून टाळ्या वाजवत होतो. डोळे उघडले तर यजमान गुडघ्यांवर, नाक जमिनीला टेकवून, फोनचा दिवा लावून खळगा शोधत होते. नव्यानं आलेल्या एक बाई म्हणाल्या, "किती भाव आहे बघा." बारशाचे ते काकाही होते. "बाराशे नव्वद," ते हलकेच म्हणाले आणि मोठ्यानं घालीन लोटांगण सुरू केलं.

उत्तरपूजेच्या वेळी आईंच्या हातून सुपारी निसटली. चौरंगावरून जमिनीवर पडली, क्षणभर थांबली, आणि मग अगदी सावकाश, जणू तिला वाट माहीत आहे अशी, स्वयंपाकघराच्या दिशेनं निघाली. सोफा ओलांडला, टेबल ओलांडलं. कुणीच काही बोललं नाही. ती फ्रिजखाली जाऊन थांबली.

फळ्या सरळ होत्या, जोड सुंदर होते, कुरकुर नव्हती. खालचं प्लायवुड समतल आहे का, हे तेवढं कुणी बघितलं नव्हतं. भावोजींनी कमरेवर हात ठेवले. "हे असं का आहे?" ते म्हणणार होते, ओठ हलले होते.

"बरं केलंस," आई म्हणाल्या. "आपल्या पडवीलाही असाच उतार होता. पाणी जायला."

त्या दिवसापासून घरी येणाऱ्या प्रत्येक माणसाला भावोजी सांगतात, की हा उतार मुद्दाम ठेवलाय. पाणी जायला. त्या जमिनीवर पाण्याचा पेला घेऊन जायची कुणाची छाती होत नाही, ते निराळं.

काल रात्री फोन आला होता. शनिवार नव्हता तरी. वरच्या बाथरूमच्या टाइल्स काढायच्या ठरल्या आहेत, आणि तिथं उतार खरोखरच लागतो. दोन तासांचं काम आहे. एडिसनच्या आसपास राहणारं कुणी मोकळं असेल तर कृपया कळवावं. काही करायचं नाही, फक्त टेप धरायची आहे.